जालन्याच्या छावणीतील आयरिश गनर : मूळ गावापर्यंत कसे पोहोचावे?

जालनेकर

नमस्कार.

माझ्या आईच्या आजीचे आजोबा आयर्लंडहून आलेले तोफखान्यातील सैनिक होते, जालन्याच्या छावणीत त्यांची नोकरी झाली आणि ते इथेच वारले, एवढी गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माझी आई आता नव्वदीच्या पुढे आहे. त्यांचे मूळ गाव कोणते हे आपल्या हयातीत कळावे अशी तिची इच्छा आहे आणि गेल्या दिवाळीपासून मी त्यासाठी कागद गोळा करते आहे. आता मात्र अशा ठिकाणी येऊन थांबले आहे की, जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे गेले तर परक्याच कुटुंबाची वंशावळ आपली म्हणून लिहिली जाईल अशी मला भीती वाटते.

माझ्याजवळ आहे ते असे. त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या खापरपणजीच्या, १८५४ मधील बाप्तिस्म्याचा उतारा मला कॅथलिक चर्चच्या जुन्या वहीतून मिळाला. नोंद लॅटिनमध्ये आहे. वडिलांचे नाव व आडनाव स्पष्ट आहे आणि पुढे 'गनर, मद्रास आर्टिलरी' असे लिहिले आहे. आईच्या जागी मात्र नुसते 'मारिया' आहे, तिला ना आडनाव आहे ना वडिलांचे नाव. दफनभूमीत त्यांच्या थडग्याचा दगड दुभंगून पडला आहे, तरी त्यावरील १८६८ हे साल आणि ४७ हे वय वाचता येते. तिसरी वस्तू म्हणजे एक इंग्रजी प्रार्थनापुस्तक. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांचे नाव, त्याखाली 'कॉर्क' आणि १८४० असे शाईने लिहिलेले आहे.

एका सशुल्क संकेतस्थळावर मी नाव, कॉर्क आणि १८२१ च्या आसपासचे जन्मसाल घालून शोध घेतला, तेव्हा त्याच नावाच्या अकरा मुलांचे बाप्तिस्मे समोर आले. त्यांपैकी एक मुलगा ऑस्ट्रेलियातील एका कुटुंबाने आपला पूर्वज म्हणून आधीच नोंदवला आहे. उरलेल्या दहांतून आमचा कोण हे ठरवण्याची काही रीत आहे का? आयर्लंडहून जन्माचा दाखला मागवता येईल का? आणि दुसरा प्रश्न, जो मला खरे तर अधिक छळतो: ही 'मारिया' कोण होती? ती इथलीच होती असे आजी सांगायची, त्यापलीकडे काहीच माहिती नाही. (आडनाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या नावाची घरे आजही जालन्यात आहेत.)

खडकी, छत्रपती संभाजीनगर

ताई, ते अकरा बाप्तिस्मे सध्या बाजूला ठेवा. शोध नेहमी माहीत असलेल्या माणसाकडून मागे मागे न्यायचा असतो; तुम्ही मधला सगळा टप्पा ओलांडून एकदम आयर्लंडमध्ये उतरला आहात, म्हणून तिथे एकाच नावाची गर्दी दिसते आहे. तुमच्या पूर्वजाचे गाव सांगणारा कागद आयर्लंडमध्ये असण्यापेक्षा लंडनला, ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तरात असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे.

यासाठी 'मद्रास आर्टिलरी' हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. त्या काळात हिंदुस्थानात दोन प्रकारचे गोरे सैनिक असत: राणीच्या पलटणींतले आणि कंपनीच्या स्वतःच्या युरोपियन फौजेतले. मद्रास आर्टिलरी कंपनीची होती आणि १८५७ नंतर राज्यकारभार राणीकडे गेल्यावर, १८६१ च्या सुमारास, ती रॉयल आर्टिलरीत विलीन झाली. राणीच्या सैनिकांची सेवापत्रके लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असतात, त्यांपैकी निवृत्तिवेतन घेतलेल्यांची बहुतेक पत्रके 'डब्ल्यू. ओ. ९७' या मालिकेत. कंपनीच्या सैनिकांची कागदपत्रे मात्र ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे माझ्या स्वतःच्या शोधातली दोन वर्षे चुकीच्या दफ्तरात गेली, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

तिथे 'एल/मिल/९' या मालिकेत भरतीनंतर डेपोत दाखल झालेल्या आणि जहाजावर चढलेल्या रंगरुटांच्या याद्या आहेत. १८४३ पूर्वी हा डेपो चॅटम येथे होता, त्यानंतर एसेक्समधील वॉर्ली येथे गेला. प्रार्थनापुस्तकावरचे १८४० हे भरतीचे साल असेल तर तुम्हाला चॅटमच्या वह्या पाहाव्या लागतील. रंगरुटाचे वय, उंची, आधीचा धंदा, भरतीचे ठिकाण, जहाज आणि पुष्कळदा जन्माची परगणावार नोंद, कधी कधी तर पॅरिशसुद्धा (एका चर्चच्या हद्दीतला मुलूख), अशा वह्यांत मिळते. मद्रास फौजेच्या हजेरीपटांसाठी 'एल/मिल/११' ही मालिका आहे. तिच्यातून ते कोणत्या वर्षी कुठे होते आणि निवृत्तिवेतनावर केव्हा गेले याचा माग लागतो.

आता जालन्याविषयी. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता म्हणून काही जण हैदराबादच्या दफ्तराकडे धाव घेतात, आणि जालना आज महाराष्ट्रात आहे म्हणून काही जण मुंबई इलाख्याच्या नोंदी चाळत बसतात. दोन्हीकडे निराशा पदरी पडते, कारण जालन्याची छावणी हैदराबादच्या तैनाती फौजेची होती आणि ही फौज मद्रासच्या सैन्यातून पुरवली जात असे. त्यामुळे इथल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती मद्रास इलाख्याच्या मालिकेत, म्हणजे 'एन/२' मध्ये, लंडनला गेल्या. (बंगालची मालिका एन/१ आणि मुंबईची एन/३.) हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि औरंगाबाद इथली फौज वेगळी, हैदराबाद कंटिन्जंट नावाची, खर्च निजामाचा आणि अधिकारी इंग्रज अशी होती, जालन्याचा विचार करताना तिची सरमिसळ होऊ देऊ नका.

शोध घेताना गावाचे आजचे स्पेलिंग घालू नका. जुन्या कागदांत जालना हे 'जे-ए-यू-एल-एन-ए' असे आणि त्यापुढे 'एच' जोडूनही लिहिलेले सापडते. 'एन/२' मधील पुष्कळ पाने 'फाइंडमायपास्ट' या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतात, तर 'फॅमिलीसर्च'वर सूची विनामूल्य आहे. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था स्वयंसेवकांनी उतरवून काढलेल्या नोंदींचा शोध विनामूल्य घेऊ देते; सुरुवात तिथूनच करावी. निजामाच्या राज्यातील युरोपियन थडग्यांवरच्या लेखांची एक सूची हैदराबादेत १९४१ मध्ये छापली गेली होती. तुमचा दगड आता दुभंगला आहे, तेव्हा तो अखंड असताना कोणी वाचून ठेवला आहे का हे त्या सूचीत जरूर पाहा. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाल्यावर तिथल्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या, त्यामुळे पत्रव्यवहारात धीर धरावा लागतो.

गोदाकाठ (मूळ नांदेड, सध्या डब्लिन)

खडकी यांनी सांगितलेला क्रम अगदी योग्य आहे. मी आयर्लंडच्या बाजूचे लिहितो.

जन्माचा दाखला मिळणार नाही, कारण तो कधी तयारच झाला नाही. इंग्लंड व वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून आणि आयर्लंडमध्ये सर्वांसाठी १८६४ पासून सुरू झाली. (कॅथलिक नसलेल्यांचे विवाह तेवढे १८४५ पासून नोंदले जाऊ लागले.) १८२१ च्या आसपास जन्मलेल्या कॅथलिक मुलासाठी पॅरिशची बाप्तिस्मा-वही हाच एक आधार उरतो.

आयर्लंडच्या शोधात प्रत्येकाला ज्या खड्ड्याशी येऊन थांबावे लागते, तो ३० जून १९२२ चा आहे. यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार स्फोट आणि आगीत नष्ट झाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या शिरगणतीची कुटुंबवार पाने, काही तुकडे सोडले तर, त्यात गेली. १८६१ आणि १८७१ ची पाने सरकारने त्यापूर्वीच नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी दिली गेली. म्हणून हाती लागणारी सर्वांत जुनी संपूर्ण शिरगणती १९०१ ची आणि त्यानंतरची १९११ ची आहे. ती आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे, पण तुमच्या पूर्वजाला तिचा थेट उपयोग नाही.

कॅथलिक पॅरिशच्या वह्या मात्र वाचल्या, कारण त्या सरकारी दफ्तरात नव्हत्या, गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या. साधारण १८८० पर्यंतच्या या वह्यांची छायाचित्रे नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने जुलै २०१५ पासून सर्वांसाठी खुली केली आहेत. त्या वाचताना लॅटिनची सवय करावी लागते: जेम्सचा 'याकोबुस' होतो, विल्यमचा 'गुलिएल्मुस', आणि मेरीची 'मारिया'. तेव्हा तुमच्या उताऱ्यातील 'मारिया' हे पाद्र्याच्या लेखणीचे रूप आहे. घरात तिला मेरी किंवा आणखी काही म्हणत असतील. आडनावाच्या आधी लागणारा 'ओ' एका नोंदीत असतो आणि पुढच्या नोंदीत गळतो. शिवाय सगळ्याच पॅरिशच्या वह्या १८२१ पर्यंत मागे जात नाहीत, त्यामुळे तुमचा माणूस त्या अकरांत मुळीच नसेल, हीही शक्यता धरून चाला.

'कॉर्क' या शब्दावरही फार भार टाकू नका. कॉर्क हे शहर आहे आणि परगणाही, शिवाय सैन्यभरतीचे मोठे ठिकाण होते. शेजारच्या केरी किंवा लिमरिक परगण्यातला पोरगा तिथे पायी येऊन भरती झाला असेल आणि त्या दिवसाची आठवण म्हणून त्याने पुस्तकावर गाव आणि साल लिहिले असेल. १८३० मध्ये ब्रिटिश सैन्यातील शंभरापैकी सुमारे ४२ सैनिक आयरिश होते, यावरून ही वाट किती रुळलेली होती ते कळेल. वयाचेही तसेच: भरतीच्या वेळी पोरे वय वाढवून सांगत, आणि थडग्यावरचे वय उरलेल्या माणसांनी अंदाजाने सांगितलेले असे. जन्मसालाच्या अलीकडे-पलीकडे तीन-चार वर्षे मोकळी ठेवा.

डेपोच्या वहीत पॅरिश मिळाली की पुढचे काम आपल्याकडच्या माणसाला परके वाटणार नाही. आयर्लंडमध्ये पॅरिशच्या पोटात 'टाउनलँड' असतात. नावात टाउन असले तरी तो आपल्या वाडी-शिवारासारखा जमिनीचा तुकडा असतो आणि देशभरात असे साठ हजारांहून अधिक आहेत. १८२३ ते १८३७ या काळात चर्चच्या दशमांशासाठी शेतजमिनीची आकारणी झाली, तिच्या वह्यांत जमीन कसणाऱ्यांची नावे टाउनलँडवार आहेत, आणि तुमच्या गनरचे वडील त्यांत असू शकतात. त्यानंतर १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली 'ग्रिफिथ व्हॅल्युएशन' नावाची घरजमिनींची आकारणी आहे. दोन्ही ऑनलाइन विनामूल्य आहेत. मात्र या दोन आकारण्यांच्या मध्ये १८४५ पासूनचा महादुष्काळ येतो. पहिल्या यादीतले कुटुंब दुसऱ्या यादीत दिसले नाही तर नोंद चुकली असे समजण्यापूर्वी ते मेले किंवा परागंदा झाले असेल, हे ध्यानात घ्यावे लागते.

आणखी एक साधन सांगतो, कारण ते सहसा कोणी सांगत नाही. १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढच्या वृद्धांना निवृत्तिवेतन सुरू झाले. वयाचा पुरावा नसलेल्यांसाठी १८४१ आणि १८५१ च्या शिरगणतीतून त्यांच्या घराचे उतारे काढले गेले. मूळ पाने १९२२ मध्ये जळाली, पण या मागण्यांचे कागद उरले आहेत. तुमच्या गनरचा एखादा बराच धाकटा भाऊ किंवा बहीण १९०९ नंतर हयात असेल, तर आईवडिलांच्या नावांसह ते सगळे घर अशा एखाद्या कागदावर सापडू शकते.

अकरांतून एक निवडण्याची रीत विचारली आहे, तर एक कसोटी अशी. आयरिश कॅथलिक घरांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची पुष्कळ ठिकाणी चाल होती. तुमच्या गनरला मुलगे असतील तर थोरल्याचे नाव पाहा आणि त्या नावाचा बाप असलेली नोंद शोधा. हा पुरावा नव्हे, पण डेपोच्या वहीतील पॅरिश आणि ही चाल दोन्ही एकाच घराकडे बोट दाखवू लागली तर विश्वास ठेवायला जागा आहे.

लातूरवासी

एक सूचना. पूर्वज आयरिश निघाला की पासपोर्ट मिळवून देतो असे सांगून पैसे घेणारे लोक आपल्या भागातही फिरत आहेत. आयर्लंडच्या कायद्यानुसार आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर परदेशी जन्मनोंदीतून (परदेशात जन्मलेल्या वंशजांच्या आयरिश सरकारी नोंदवहीतून) नागरिकत्व मागता येते. पणजोबांच्या पिढीचा आधार घ्यायचा तर अर्जदाराच्या जन्माआधीच त्याच्या आईने किंवा वडिलांनी ती नोंद केलेली असावी लागते. तुमचा गनर पाच पिढ्या मागे आहे, त्यामुळे या कामासाठी कोणालाही एक रुपया देऊ नका.

अंबेजोगाईकर

ताई, मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे, कारण वरच्या सगळ्या वह्या बापाच्या गावाकडे नेतात आणि मारियाकडे कोणतीच नेत नाही. छावणीतल्या नोंदींत हे वारंवार दिसते: बापाची पलटण, हुद्दा, सगळे लिहिलेले असते आणि आई इथली असेल तर बाप्तिस्म्याचे एक नाव, एवढ्यावर तिची बोळवण होते. तिचे आधीचे नाव लिहिण्याची गरज त्या लेखकाला वाटली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तरीही एक जागा आहे जिथे ती सापडू शकते. कॅथलिक पाद्र्याने लग्न लावण्यापूर्वी वधूचा बाप्तिस्मा झालेला असणे सहसा आवश्यक असे. मारिया जन्माने ख्रिस्ती नसेल, तर त्याच चर्चच्या वहीत लग्नाच्या काही दिवस किंवा आठवडे आधी एका प्रौढ स्त्रीचा बाप्तिस्मा नोंदलेला असला पाहिजे. प्रौढांच्या नोंदीत कधी वय, कधी वडिलांचे नाव, कधी गाव लिहिलेले असते. तुम्ही उतारा काढलात तो तान्ह्या मुलीचा. आता तीच वही १८५४ पासून मागे, पानापानाने चाळा, आणि उतारा मागू नका, वही स्वतः डोळ्यांनी पाहण्याची परवानगी मागा. कॅथलिक पाद्र्यांच्या सगळ्याच नोंदींच्या प्रती लंडनला गेल्या असे नाही, म्हणून जालन्याची ही वही तुमच्यासाठी 'एन/२' मालिकेपेक्षाही मोठा ठेवा आहे.

आपल्या भागाला अशा शोधाची ओळख नव्याने करून द्यायला नको. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी निजामकाळातील मोडी आणि उर्दू कागदांत आपल्या पणजोबांचे नाव शोधले आहे, आणि पैठण-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या लावण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. पण त्या वह्यांतही लेकी-सुनांची नावे विरळाच. मारियाच्या बाबतीत कागद जिथे संपतो तिथे तुमच्याजवळ एक वेगळा दुवा आहे, आणि तो तुमच्या लक्षात आला आहे की नाही म्हणून सांगते. मारियाची मुलगी तुमची खापरपणजी, तिची मुलगी पणजी, मग आजी, आई आणि तुम्ही. मध्ये एकही पुरुष नाही. मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या एका छोट्या घटकाचा) डीएनए केवळ आईकडून येतो. म्हणजे गनरचा वाटा तुमच्यात सरासरीने बत्तिसावा असला, तरी मारियाचा मायटोकाँड्रियल डीएनए तुमच्यापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. त्याची चाचणी केल्यास तिची मातृवंशाची शाखा हिंदुस्थानातली की बाहेरची हे सांगता येते. गाव किंवा जात मात्र कोणतीही चाचणी सांगू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

जालनेकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण वही पाहण्याची परवानगी मिळायलाच वेळ गेला.

आयर्लंडच्या बाजूने अजून हाती काही आलेले नाही. जालन्याचे जुने स्पेलिंग घातल्यावर 'एन/२' च्या सूचीत १८६८ ची दफनाची नोंद मिळाली आणि तिच्यात 'पेन्शनर' असा शब्द आहे, म्हणजे ते निवृत्त होऊन इथेच राहिले होते. चॅटमच्या १८४० च्या वहीसाठी लंडनला विचारणा केली आहे. थोरल्या मुलाचे नाव आमच्या घरात माहीत आहे. पण अकरांपैकी एकाही बाप्तिस्म्यात त्या नावाचा बाप नाही, म्हणून ती यादी मी आता खरोखरच मिटून ठेवली आहे.

अंबेजोगाईकर ताईंचे ऐकून मी चर्चमध्ये बसून वही मागे मागे चाळत गेले. लग्नाची नोंद १८५१ च्या पानावर मिळाली आणि तिच्या नऊ दिवस आधी, त्याच हस्ताक्षरात, एका प्रौढ मुलीचा बाप्तिस्मा आहे: मारिया, वय अंदाजे अठरा. वडिलांच्या नावावर वाळवी लागली आहे आणि पहिली दोनच अक्षरे उरली आहेत. गावाचे नाव मात्र पूर्ण आहे. लॅटिन वळणाने लिहिलेले असल्यामुळे मी ते तीनदा मोठ्याने वाचले, तेव्हा कुठे ते बदनापूर आहे हे लक्षात आले. जालन्याहून संभाजीनगरला जाताना आम्ही ज्या बदनापूरवरून आयुष्यभर गेलो, तेच.

आईला ती ओळ वाचून दाखवली. तिने आयर्लंडचे काहीच विचारले नाही, बदनापूरला कधी जायचे एवढेच विचारले. येत्या रविवारी तिला घेऊन जाणार आहोत.